प्लॉटच्या बोर्डावर क्यूआर कोड: वर्षभर वापरला, आता सांगते

पहिलेच सांगून टाकते, मी काही कम्प्युटरवाली बाई नाही. नागपुरात बेसा रोडला आमचं प्रॉपर्टीचं छोटंसं ऑफिस आहे, ऑफिस म्हणजे काय तर एक शटर, दोन टेबल, एक कूलर आणि सासऱ्यांची वेताची खुर्ची. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांनी तीस वर्षं लोकांना प्लॉट दाखवले, गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा मी टेबलवर बसली, त्याला आता चार वर्षं होतील. रिसेलचे फ्लॅट, लेआउटमधले प्लॉट, भाड्याच्या रूमा, जे येईल ते करतो, अधूनमधून बिल्डरांची कामंही. तर मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या बावीस बोर्डांवर क्यूआर कोड टाकले, एका ऑनलाइन सर्व्हिसचा प्लॅन घेऊन, आणि हा त्याचा रिव्ह्यू. सर्व्हिसचं नाव लिहीत नाही, कारण नंतर मी अजून तीन-चार पाहिल्या आणि सगळ्यांची चाल तीच निघाली, एकीला शिव्या देऊन दुसरीकडे लोकांना ढकलण्यात काही अर्थ नाही.

मामाजींचा विरोध पहिल्या दिवसापासून. ते काटोलकडचे, बोलणं अजून तसंच आहे. "मानूस बोर्ड पायते, नंबर पायते, फोन लावते. हे चौकोन कोन वाचन बाप्पा?" मी म्हटलं बघू. आता वर्षानंतर सांगते की ते अर्धे बरोबर होते, पण जे अर्धं चुकलं तेच जास्त कामाचं निघालं.

मी कोडच्या नादी का लागली ते सांगते. आमच्या बोर्डावर काय असतं, "प्लॉट विकणे आहे, १५०० स्क्वेअर फूट" आणि खाली नंबर. मग दिवसभर फोन. भाव काय, आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का, रस्ता किती फुटाचा, फेसिंग कोणतं, बँक लोन देते का. हेच पाच प्रश्न, दिवसातून वीस वेळा, आणि मी अ‍ॅक्टिव्हा मनीषनगरच्या ट्रॅफिकमध्ये घालून उभी. पाचही उत्तरं ऐकून समोरचा म्हणतो "बरं ताई, कळवतो" आणि ठेवून देतो. त्यात त्याची काही चूक नाही, त्याला फक्त बजेटमध्ये बसतं का तेवढंच पाहायचं होतं. मला वाटलं हे पाच प्रश्न बोर्डच झेलून घेईल तर बरं.

सर्व्हिसवर कोड बनवणं खरंच सोपं आहे, त्याला पूर्ण मार्क. लिंक टाका, रंग निवडा, डाउनलोड करा, दहा मिनिटांचं काम. मी डायनॅमिक कोड घेतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साध्या म्हणजे स्टॅटिक कोडमध्ये तुमची लिंक त्या ठिपक्यांमध्येच छापलेली असते, एकदा छापली की बदलत नाही, पण मरतही नाही. डायनॅमिकमध्ये ठिपक्यात त्या सर्व्हिसची छोटी लिंक असते, ती पुढे तुमच्या पानावर नेऊन सोडते, त्यामुळे मागचं पान केव्हाही बदलता येतं आणि कुठल्या बोर्डवर किती स्कॅन झाले तेही दिसतं. प्लॉट विकला तर बोर्ड तोच ठेवून दुसऱ्या प्लॉटची माहिती टाकता येते, आमच्या धंद्याला हे एकदम फिट. पण ही जी मधली लिंक आहे नं, तिच्यातच सगळी मेख आहे, त्यावर येतेच.

पहिली चूक माझीच. कोडच्या मागे मी काय ठेवलं, तर ड्रोनचा व्हिडिओ आणि चकचकीत पीडीएफ. भाचा शूटिंग करतो, त्याच्याकडून ड्रोन उडवून घेतला, वरून हिरवंगार लेआउट, मागे म्युझिक. चाळीस एमबीची फाइल. उमरेड रोडला आतल्या लेआउटमध्ये नेटवर्कच्या दोन दांड्या, तिथे माणूस स्कॅन करून गोल चकरी पाहत उभा, ऊन डोक्यावर. कोण थांबेल? स्कॅन दिसत होते, फोन येत नव्हते. दोन महिने मला वाटत राहिलं की लोकांना प्लॉटच आवडून नाही राहिला.

मग एक गिऱ्हाईक ऑफिसमध्ये आलं, रेल्वेतून रिटायर झालेले काका, त्यांनी सरळ सांगितलं. "ताई, वरून शेत काय दाखवता, शेत मलाही दिसतं. पेपर दाखवा." हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण नागपुरात प्लॉट पाहायला निघालेला माणूस भावाच्या आधी आरएल विचारतो. आरएल म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर. शहराच्या चारी बाजूंना शेतीचे तुकडे पाडून परवानगीशिवाय लेआउट पडले, ते २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून घ्यायचे असतात, डिमांड, म्हणजे त्याची ठरवून दिलेली रक्कम, भरली की ते पत्र हातात येतं. ते नसेल तर बँक तोंड वाकडं करते, नकाशा मंजूर होत नाही, आणि पुढे विकताना भाव पडतो. नव्या लेआउटला लोक एनए-टीपी विचारतात, म्हणजे जमीन बिगरशेती झाली का आणि टाउन प्लॅनिंगची मंजुरी आहे का. आई-बापाने एखाद्या सोसायटीत हप्त्याने प्लॉट घेतला आणि आरएलच्या फायलीपायी आयुष्यभर ते पत्र देणाऱ्या सुधार प्रन्यासच्या चकरा मारल्या, अशी एक तरी गोष्ट इथल्या बहुतेक घरांत आहे. तिथे ड्रोन कोणाला पाहायचा?

तर मी सगळं काढून टाकलं आणि एक साधं पान केलं. वर भाव, लपवालपवी नाही. खाली आरएलचा फोटो, डिमांड भरल्याची पावती, चालू सातबारा (सरकारच्या साइटवरून डिजिटल सहीवाला पंधरा रुपयांत मिळतो, त्यासाठी कोणाला दोनशे रुपये देऊ नका), लेआउटचा नकाशा आणि त्यात आपला प्लॉट लाल पेनाने गोल केलेला, रस्त्याची रुंदी, प्लॉटवर उभं राहून चारी दिशांना काढलेले चार फोटो. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. फोटो दाबून-दाबून लहान केले, पान एका सेकंदात उघडतं. आणि हो, पहिल्या वेळी मी शहाणीने मालकाची रजिस्ट्री जशीच्या तशी चढवली होती, त्यावर त्यांचा पॅन, आधार, अंगठा सगळं. दोन दिवस ते रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही उघडं होतं. मालकांनी नाही, मामाजींनी पकडलं. तेव्हापासून काळी पट्टी मारल्याशिवाय एकही कागद चढत नाही.

पान बदललं तसे फोन कमी झाले. खरंच कमी झाले, पण जे येतात ते "आरएलवर नाव जुन्या मालकाचं काऊन आहे?" असा प्रश्न घेऊन येतात. म्हणजे माणसाने पाहिलं आहे, वाचलं आहे, आणि त्याला घ्यायचं आहे. हाच फरक. आधी वीस फोनला एक साइट व्हिजिट व्हायची, आता पाच-सहाला एक होते. हा माझ्या वहीतला हिशेब आहे, कोणाचा सर्व्हे नाही.

आता बोर्ड कुठे लावायचा, यात मी सगळ्यात जास्त पैसे घालवले. वर्धा रोडला जामठ्याकडे एक मोठा फ्लेक्स लावला, दहा बाय आठचा, स्टेडियममध्ये मॅच असते तेव्हा तिथे गाड्यांची रांग लागते म्हणून. वर्षात किती स्कॅन, तर नऊ. त्यातले दोन माझे. सत्तरच्या स्पीडने जाणारा माणूस मोबाइल काढून कोड कसा स्कॅन करेल, आणि करू नयेच. कोडच्या साइजचा एक ढोबळ हिशेब आहे, जितक्या लांबून स्कॅन करायचा त्याच्या साधारण दहावा हिस्सा कोडची रुंदी हवी. दहा फुटांवरून करायचा तर एक फुटाचा कोड. हायवेच्या पलीकडून करायचा तर कोडच घराएवढा लागेल, मग प्लॉटची माहिती लिहायची कुठे?

जिथे माणूस उभा राहतो तिथे कोड चालतो. आमचा सगळ्यात कमाऊ बोर्ड कुठला सांगू? घोगलीकडे जाताना एक तर्री-पोह्याचा ठेला आहे, त्याच्या बाजूच्या भिंतीवर दीड बाय दोनचा सनबोर्ड. घरमालकाला विचारून लावला, महिन्याचे काही ठरले आहेत. सकाळी आठ ते दहा तिथे गर्दी, पोहे लागेपर्यंत पाच-सात मिनिटं माणूस उभाच, एका हातात मोबाइल असतोच. मग करतो स्कॅन. आमच्या एकूण स्कॅनमधला जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका भिंतीचा आहे. दुसरा नंबर प्लॉटच्या गेटवरच्या बोर्डचा, कारण तिथे येणारा मुद्दामच आलेला असतो. विजेच्या खांबावर, झाडावर, मेट्रोच्या पिलरवर लावायच्या भानगडीत पडू नका. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, बोर्ड तर जप्त होतोच, वरून त्याच्यावर तुमचाच नंबर लिहिलेला असतो, गुन्हेगार शोधायला लांब जायला नको.

प्रिंटिंगवर जरा जास्त बोलते, कारण यात सगळे फसतात. आमचा प्रिंटरवाला भाऊ माणूस चांगला, पण त्याला डिझाइनची फार हौस. त्याने कोडला संत्र्याचा रंग दिला, नागपूर म्हणून. मध्ये आमचा लोगो. आणि कोडच्या भोवती पांढरी जागा "रिकामी दिसून राहिली ताई" म्हणून कापून टाकली आणि हिरवं बॅकग्राउंड एकदम चिकटवलं. स्क्रीनवर सुंदर. रस्त्यावर माझ्या मोबाइलने घेतला, मामाजींच्या जुन्या मोबाइलने घेतलाच नाही, आणि प्लॉट घेणारे अर्धे लोक मामाजींच्याच वयाचे असतात. ती पांढरी पट्टी शोभेची नाही, कोडचे जे सगळ्यात छोटे ठिपके असतात तशा चार ठिपक्यांएवढी जागा चारी बाजूंनी मोकळी लागते, त्याशिवाय कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो ते समजत नाही. रंग गर्द हवा, बॅकग्राउंड फिक्कं हवं, उलटं करू नका. आणि बनवताना एरर करेक्शन विचारतात, त्यात एल, एम, क्यू, एच असे चार असतात, एलमध्ये ७ टक्के कोड खराब झाला तरी चालतो, एचमध्ये ३० टक्क्यांपर्यंत. बाहेर लावायच्या बोर्डाला एच घ्या, फक्त तेव्हा लिंक छोटी ठेवा, नाहीतर ठिपके इतके बारीक होतात की परत तीच बोंब.

हा ३० टक्क्यांचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला म्हणून विश्वास बसला. पिपळ्याच्या बोर्डवर कोणीतरी खर्रा खाऊन पिचकारी मारली होती, बरोबर कोडच्या खालच्या कोपऱ्यात. कोड चालू. फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे मात्र गेले. मामाजी तेव्हा पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

अजून एक गंमत. मे संपता-संपता जी वावटळ येते तिच्यात दिघोरीकडचा एक बोर्ड वरच्या दोऱ्या तुटून उलटा लटकला, पूर्ण डोकं खाली. आठवडाभर कोणी सांगितलं नाही आणि त्या आठवड्यात त्याचे सहा स्कॅन झाले. कोडच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात ते कॅमेऱ्याला दिशा सांगायलाच असतात, चौथा कोपरा मोकळा, त्यावरून मोबाइलला वर-खाली कळतं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी हे काढलं, तेही गाड्यांचे पार्ट मोजायला. कारखान्यात पेटी कशीही पडलेली असली तरी वाचता यावं म्हणून. आमच्या बोर्डासारखीच.

पण ऊन, बाप्पा. कंपनीवाले सांगत नाहीत की त्यांचा कोड पंचेचाळीस डिग्रीत काय होतो. साधा फ्लेक्स एप्रिल-मेमध्ये ढिला पडतो, पोट निघतं त्याचं, कोड मधून फुगतो आणि ओळी वाकड्या होतात. चकचकीत लॅमिनेशन केलं तर दुपारी फक्त सूर्य दिसतो. काळा रंग दोन उन्हाळ्यांत चहासारखा होतो असं प्रिंटरवालाच म्हणाला, माझा एकाच उन्हाळ्यात झाला. आणि माणसाचा मोबाइलही तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते, काही दिसत नाही. म्हणून आता माझा फंडा असा, कोडपुरता वेगळा एक फुटाचा सनबोर्ड, मॅट लॅमिनेशन, छातीच्या उंचीवर, शक्यतो उत्तरेकडे तोंड किंवा शेडखाली, आणि तो मोठ्या फ्लेक्सवर नाही, बाजूला स्क्रूने ठोकलेला. आधी मी आठ फुटांवर लावले होते, चोरी होऊ नये म्हणून. चोरी झाली नाही, स्कॅनही झाले नाहीत.

एक गोष्ट मला कोणत्याच सर्व्हिसने सांगितली नाही, ती आमच्याच गिऱ्हाईकांनी शिकवली. जो स्कॅन करतो तो विकत घेणारा नसतोच बहुतेक वेळा. नागपूरच्या घराघरातलं पोरगं पुण्याला नाहीतर बंगलोरला. मॉर्निंग वॉकला निघालेले बाबा बोर्ड पाहतात, त्यांना स्कॅन-बिन करायचं नसतं, ते बोर्डचा फोटो काढतात आणि पोराला व्हॉट्सअ‍ॅप करतात. पोरगं तिकडे ऑफिसात बसून फोटोवर बोट दाबून कोड उघडतं, पेपर पाहतं, आणि रात्री नऊला मला फोन, "मॅडम, आईबाबा उद्या येतील, दाखवा." सात-आठ महिन्यांत माझे तीन सौदे असे झाले. म्हणून कोड इतका मोठा हवा की अख्ख्या बोर्डचा फोटो काढला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर दाबला गेला, तरी वाचता आला पाहिजे. बोर्ड छापायच्या आधी मी आता हेच करते, बारा फुटांवरून फोटो काढून नणंदेला हिंजवडीला पाठवते, तिच्याकडे उघडला तर छाप म्हणून सांगते.

स्कॅनच्या आकड्यांवर जास्त जीव टाकू नका. जुलैमध्ये बेलतरोडीच्या एका बोर्डचे स्कॅन एकदम वाढले, रोज दुपारी साडेबारा ते एक, मी खूश, मालकाला फोन करून भाव पन्नास रुपये स्क्वेअर फूट वाढवायला सांगणार होती. सहज जाऊन उभी राहिली. बाजूला शाळा. सुटल्यावर पोरं ऑटोची वाट पाहत उभी, ऑटोवाल्या काकांचा मोबाइल घेऊन स्कॅन करत होती, गेम निघेल म्हणून. एक पोरगी मला म्हणते, "आंटी, यात काहीच नाही येत, नुसता कागद येतो."

आता मुख्य दुखणं. सर्व्हिसची ट्रायल चौदा दिवस फुकट, मग वर्षाचा प्लॅन, तो मी घेतला. पण त्यात कोडची लिमिट होती, आणि स्कॅनचीही, ते बारीक अक्षरात. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे आमच्या धंद्यात जेव्हा लोक घराबाहेर पडतात त्या आठवड्यात, स्कॅनची लिमिट संपली आणि एका रात्रीत बावीसच्या बावीस बोर्ड मेले. स्कॅन केलं की पान यायचं, हा कोड बंद आहे, मालकाने प्लॅन अपग्रेड करावा. तेही इंग्रजीत. सोनं लुटायच्या दिवशी गिऱ्हाईकाला वाटणार की या बाईकडे बिल भरायला पैसे नाहीत. कस्टमर केअरला मेल केला, दोन दिवसांनी उत्तर, आपल्या समस्येबद्दल खेद आहे, कृपया मोठा प्लॅन घ्या. मोठा प्लॅन जवळजवळ तिप्पट, आणि महिन्याचा घेता येत नाही, वर्षाचाच. पैसे भरले मी, काय करणार, बोर्ड तर रस्त्यावर ठोकलेले. यालाच म्हणतात नाक दाबणं. कोड आपण छापला, सनबोर्ड आपला, भिंतीचं भाडं आपलं, आणि किल्ली त्यांच्याकडे.

यावरचा उपाय भाच्याने सांगितला आणि तो खूप साधा आहे. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यायचं, वर्षाला हजाराच्या आसपास जातात, त्यात प्रत्येक बोर्डाला छोटी लिंक द्यायची, बेसा-१, बेसा-२ अशी, आणि त्या लिंकचा स्टॅटिक कोड फुकटात बनवायचा. मागचं पान बदलायचं तर आपल्याच साइटवर बदला. कोण कुठल्या बोर्डवरून आलं तेही कळतं, कारण लिंकच वेगळी. डोमेनचे पैसे तेवढे वेळेवर भरा. नवीन बारा बोर्ड मी असेच केले, जुने हळूहळू काढून राहिली.

एकदा कोडवर कोड चिकटवण्याचाही प्रकार झाला. भाड्याच्या फ्लॅटचा बोर्ड होता, आमच्या कोडवर बरोबर त्याच साइजचं स्टिकर, स्कॅन केलं तर सरळ पेमेंट अ‍ॅप उघडायचं, "व्हिजिट बुकिंग ४९९ रुपये". दोन पोरींनी भरले, नोकरीसाठी मिहानला आलेल्या, बिचाऱ्या ऑफिसमध्ये पावती घेऊन आल्या तेव्हा कळलं. पोलिसात तक्रार दिली, पोरींना १९३० वर फोन करायला लावला, पैसे मी माझ्याकडून दिले. आता प्रत्येक बोर्डवर कोडच्या खाली मोठ्या मराठीत लिहिलेलं असतं, "या कोडवर पैसे मागितले जात नाहीत", आणि उघडणाऱ्या साइटचं नावही छापलेलं. तुम्ही भाड्याने घर पाहत असाल तर बोर्डच्या कोडवर आधी नखाने खरवडून पाहा, स्टिकर निघालं तर समजा.

बिल्डरांच्या जाहिरातीतल्या कोडबद्दलही सांगते, कारण लोक दोन कोडमध्ये गोंधळ करतात. एक असतो मार्केटिंगचा, मोठा, रंगीत, तो ब्रोशर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर नेतो. दुसरा महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या सरकारी संस्थेचा, तो प्रोजेक्टच्या नोंदणीसोबत मिळतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत टाकणं सक्तीचं आहे, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. तो आधी कुठेतरी तळाशी मुंगीएवढा छापायचे, २०२५ च्या एप्रिलमध्ये ऑर्डर निघाली की नंबर, साइटचा पत्ता आणि कोड वरच्या उजव्या बाजूला, ठळक हवा, आणि नंबर-पत्त्याची अक्षरं कॉन्टॅक्ट नंबरपेक्षा लहान चालणार नाहीत. मला विचाराल तर घेणाऱ्या माणसासाठी सगळ्या कोडमध्ये हाच एक राजा. बिल्डर कोण, पझेशनची तारीख कोणती लिहून दिली आहे, ती किती वेळा पुढे ढकलली, तक्रारी किती, मंजूर नकाशात काय बदल झाले, सगळं त्याच्या मागे आहे आणि ते ब्रोकरला सजवता येत नाही. मीही परीक्षा देऊन रजिस्टर झालेली एजंट आहे, मलाही नाही.

हिंगणा साइडला एका स्कीममध्ये काकांना घेऊन गेली होती, तेच रेल्वेवाले. साइट ऑफिसात एसी, लिंबूपाणी, मॉडेलमध्ये छोटी-छोटी झाडं. पोरगा सांगून राहिला सेकंड फेजचं, ५१ हजार टोकन द्या, आजचा रेट आजच. काकांनी चष्मा वर केला, भिंतीवरच्या फ्लेक्सचा उजव्या कोपऱ्यातला कोड स्कॅन केला आणि दहा मिनिटं वाचत बसले. मग मोबाइल पोरासमोर धरला. "हा नंबर फर्स्ट फेजचा आहे. बिल्डिंगा चार. तुम्ही मला विकून राहिले सहावी." पोरगा म्हणे सेमच आहे काका. काका म्हणे सेम असता तर नंबर सेम का नसता. नंतर कळलं सेकंड फेजची नोंदणी खरंच वेगळी झालेली होती, डिझाइनवाल्याने जुन्या फाइलवरून फ्लेक्स छापला होता. म्हणजे लबाडी नव्हती, ढिसाळपणा होता, पण टोकन काही काकांनी दिलं नाही आणि माझी दलाली गेली. आमच्याकडच्या जुन्या प्रोजेक्टचे नंबर पी५०५ ने सुरू होतात, कोड उघडल्यावर जो नंबर येतो तो आणि अ‍ॅग्रीमेंटवरचा नंबर आकड्याला आकडा लावून पाहा, बिल्डिंगचं नावही. आणि करार रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, एसी कितीही गार असला तरी. बाकी ५०० चौरस मीटरच्या आतली जमीन किंवा आठपर्यंतच फ्लॅट असलेली स्कीम असेल तर नोंदणीतून सूट आहे, तिथे हा कोड नसणार, आमच्या रिसेलच्या बोर्डांवरही नसतो, तिथे मग कागदच पाहावे लागतात.

मार्क द्यायचे तर कोड या गोष्टीला पाचपैकी चार, मी पैसे भरले त्या सर्व्हिसला दीड, तोही दहा मिनिटांत कोड बनतो म्हणून. एकच प्लॉट विकायचा असेल तर हे सगळं करू नका, पुठ्ठ्यावर नंबर लिहून गेटला बांधा, विकला जाईल. दहाच्या वर बोर्ड असतील तर स्वतःचं डोमेन घेऊनच उतरा. आणि फोन नंबर कोडपेक्षा मोठा ठेवा, हे मामाजींचं म्हणणं मी लेखी मान्य केलं आहे, कारण वर्षभरातल्या अकरा सौद्यांपैकी सहा अजूनही सरळ फोन करणाऱ्यांचे आहेत. मामाजी स्वतः आता कोड स्कॅन करतात, पण दुसऱ्या ब्रोकरांचे, आणि भाव वाचून मला ओरडून सांगतात.

सर्व्हिसचा रिन्यूअलचा मेल येऊन पडला आहे, चाळीस टक्के सूट म्हणे. जुने दहा बोर्ड अजून त्यांच्या लिंकवर आहेत, ते पावसाच्या आधी बदलायचे आहेत. तीन उन्हाळे टिकणारा मॅट व्हिनाइल आणि तो बेसा-मनीषनगर साइडला लावून देणारा कोणी माहीत असेल तर सांगा, कोडला संत्र्याचा रंग न देणारा असेल तर आणखी बरं.